गृहीत क्रमांक चार

१९८५ सालच्या फेब्रुवारीत आम्ही हरिभाऊंच्या बर्फाच्या कारखान्यात कंट्रोलची पेटी बसवली आणि एप्रिलच्या पाच तारखेला गुड फ्रायडे आला. मधल्या आठ आठवड्यांत ती पेटी एकदाही चुकली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावात पुष्कळ जण म्हणाले की यंत्रच खराब होतं. यंत्र खराब नव्हतं. त्यातला प्रोग्रॅम माझा होता आणि तोही चुकला नव्हता. तो बरोबर आहे याची सिद्धता मी कागदावर मांडली होती. इतकी वर्षं झाली, पण आज बसवलंत तरी ती सिद्धता मी ओळीने पुन्हा लिहून दाखवीन.

तेव्हाचं नायगाव आज कुणाला सांगून पटायचं नाही. स्टेशनातून पश्चिमेला उतरलं की मिठागरं, मग खाडी, मग आमचा कोळीवाडा आणि आमचं देऊळ, म्हणजे चर्च. आम्ही देऊळच म्हणतो. बर्फाचा कारखाना गावाच्या टोकाला, खाडीला लागून होता. देवळापासून पाऊण मैल. होड्या लागल्या की त्याच्या दारात टोपल्यांची रांग लागायची. बर्फ मिळाला तर मासळी मुंबईला जायची, नाही मिळाला तर वाळवणावर. एक लादी गोठायला दोन दिवस लागत, म्हणून ते मशिन रात्रंदिवस चालू असायचं. त्याचा धडधडाट आम्हाला ऐकू येत नसे, इतका तो अंगवळणी पडला होता.

त्या मशिनवर बावीस वर्षं माझा मामा होता, सिप्रियनमामा. माझे वडील समुद्रात राहिले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने मला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. मामा म्हणाला, पोरगी शिकेल, आणि विषय संपला. बी.एस्सी.ला मला गणितात पहिला वर्ग मिळाला त्या दिवशी त्याने कारखान्यातून एक अख्खी लादी घरी आणली आणि अंगणात ठेवली. दुसरं काय आणणार? गल्लीतली पोरं दिवसभर ती चाटत होती.

मामाचं काम सोपं दिसे, पण सोपं नव्हतं. बर्फ करायला अमोनिया लागतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबतो, दाबला की तो तापतो, आणि तापलेल्या नळ्यांवरून सतत पाणी सोडून त्याला निववावं लागतं. पाणी खाडीतून यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खाडी इतकी मागे जायची की पाइपाचं तोंड उघडं पडे. मग मामा चावी फिरवून चार तास विहिरीचं पाणी घ्यायचा. चावी फिरवायला विसरलं तर दाब वाढत जाणार. आणि अमोनिया बाहेर पडला तर तो माणसाच्या अंगातला ओलावा शोधतो. सगळ्यात आधी डोळे.

म्हणून मामा मशिनशेजारच्या बाकावर बसून असायचा, नजर काट्यावर. कधी बाहेर जावं लागलं तर भिंतीवर मोठी विजेची घंटा होती. पाणी कमी झालं की ती वाजे, पार होड्यांपर्यंत ऐकू जाई.

मी नोकरीला वालीवला होते, दिनानाथसरांच्या गाळ्यात. आम्ही पाच जण. कारखान्यांसाठी कंट्रोलच्या पेट्या बनवायच्या: आत एक मायक्रोप्रोसेसर, एक चिप, बाहेर दिवे आणि बटणं. मी १९८० साली लागले तेव्हा सर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने थेट आकडे लिहीत, ते चिपवर चढवत आणि पेटी चालू करत. चालली तर चालली. नाही चालली तर चिप निळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसायची आणि परत लिहायची. चिप पुसून थंड होईपर्यंत चहा. आम्ही फार चहा प्यायचो.

मग फ्लोचार्ट आले. प्लॅस्टिकची कापलेली पट्टी मिळायची, तिच्यातून चौकोन, शंकरपाळे, बाण काढायचे. एका रंगकाम करणाऱ्या गिरणीसाठी आम्ही नऊ फूट लांब फ्लोचार्ट काढला. सरांनी तो कौतुकाने भिंतीवर लावला. महिन्याभराने पेटी अडली तेव्हा एक बाण कुठून निघून कुठे जातो ते आम्हा पाच जणांपैकी कुणालाही सापडेना, काढणाऱ्यालासुद्धा.

८३ साली सरांनी मला मुंबईत तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला पाठवलं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रोग्रॅम हे प्रमेय समजा. कामाला हात घालायच्या आधी एक वाक्य लिहा: काय कधीही मोडता कामा नये. मग यंत्राच्या जितक्या अवस्था असतील त्या आडव्या ओळींत लिहा, जितक्या गोष्टी घडू शकतील त्या उभ्या रकान्यांत, आणि प्रत्येक चौकोन भरा. एकही रिकामा ठेवायचा नाही. प्रत्येक चौकोनात तुमचं वाक्य टिकतं हे सिद्ध करा. त्यानंतर प्रोग्रॅम. आणि कागदाच्या तळाशी जे तुम्ही सिद्ध केलेलं नाही, नुसतं मानलंय, ते क्रमांक घालून लिहा. मी भारावून परत आले.

“इनेझ, तू प्रोग्रॅम लिहितेस का कॅटेकिझम?” सर म्हणाले. “देवळात पोरांकडून घोकून घेतात तसं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर.”

“कॅटेकिझम पाठ असतो सर. म्हणून कोणी अडत नाही.”

“आणि गिऱ्हाईक तोवर थांबणार?”

पण त्या पद्धतीने केलेली पहिली चिप पहिल्याच वेळी चालली. दुसरीही. सरांनी थट्टा थांबवली आणि चहाही कमी झाला. पुढच्या वर्षी सर गिऱ्हाइकांना स्वतःच माझे तक्ते उलगडून दाखवू लागले, जसे काही त्यांनीच काढलेत.

हरिभाऊंच्या कारखान्याचा तक्ता मी ८४च्या पावसाळ्यात केला, सात अवस्था आणि बारा घटनांचा. चौऱ्याऐंशी चौकोन. वर मी वाक्य लिहिलं: कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हा पाणी चालू असलं पाहिजे, नाहीतर माणूस मशिनपाशी असला पाहिजे. मामाला समोर बसवून एकेक चौकोन भरला. त्याला मजा वाटत होती. “हे तू माझ्या डोक्यातलं काढून पेटीत घालतेस,” म्हणाला. “मग माझं डोकं रिकामं. टोपी घालायला बरं.”

अडलं एका चौकोनावर. अवस्था: पाणी गेलं आहे, घंटा वाजते आहे. घटना: एक मिनिट झालं, कोणी येऊन बटण दाबलं नाही. मी लिहिलं होतं, कॉम्प्रेसर बंद.

हरिभाऊ जुने बागायतदार, केळीच्या बागांतून बर्फाकडे आलेले. तक्ता बघायला गाळ्यात आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बरोबर त्याच चौकोनावर बोट ठेवलं. “हे काय? मशिन आपलं आपण बंद पडणार?”

“कोणी आलंच नाही तर, हरिभाऊ.”

“पोरी, अर्धी गोठलेली लादी बंद पडली की तिचं काय होतं, तुझ्या मामाला विचार. दिवाळीत एकदा बंद पडलं तर सगळा कोळीवाडा माझ्या दारात बोंबलत उभा होता. माझं मशिन माझ्या माणसाने बंद करायचं. पेटीने नाही.”

“आणि माणूस आला नाही तर?”

“का नाही येणार? कुठे जाणार? माझ्याकडे दोघं असतात पाळीला.”

दिनानाथसर मधे पडले. “इनेझ, असं होतच नसेल तर त्या चौकोनात काय लिहायचं? तुमच्या बाईंनी काही सांगितलं असेल ना?”

सांगितलं होतं. जे घडूच शकत नाही तिथे आडवी रेघ मारायची आणि का घडू शकत नाही ते तळाशी गृहीतात लिहायचं. मी संध्याकाळी मामाकडे गेले.

“मामा, घंटा वाजली आणि कोणी आलं नाही, असं बावीस वर्षांत कधी झालंय?”

“मी बहिरा झालो काय गो?”

“नीट सांग.”

“नाय झालं. कदी नाय. जेवत असलो तर घास टाकून जातो. बर्थाला इचार, किती येला तिचं सार थंड झालंय.”

बर्थामामी चुलीपासून म्हणाली, “घंटा वाजली की धावतो. मी हाक मारली की नाय ऐकू येत.”

मी चौकोनातले शब्द खोडून रेघ मारली. तळाशी लिहिलं: गृहीत क्रमांक ४. घंटा वाजल्यापासून एका मिनिटात माणूस मशिनपाशी पोचतो. खाली हरिभाऊंनी सही केली, मामाने केली, मी केली. या गृहीतावर माझी सिद्धता पूर्ण झाली. एकही फट नव्हती.

तक्ता पावसाळ्यात झाला, पण पेटी बसली ती फेब्रुवारीत. मशिनवर जुनी एक कळ होती, दाब फार वाढला की आपोआप वीज तोडणारी. मधूनमधून ती उगाचच पडायची. पेटी आल्यावर ती कशाला हवी, म्हणून हरिभाऊंनी काढून टाकली. मामाचा बाकही बाहेर गेला, खाडीकडच्या भेंडीच्या झाडाखाली, कारण आता काट्याकडे बघत बसायची गरज नव्हती. घंटा वाजली की उठायचं. पाळीच्या दुसऱ्या माणसाला लाद्या काढायच्या कामावर लावलं. हे सगळं मी जाता-येता बघत होते. मामा झाडाखाली बसलेला बघून मला बरं वाटायचं. बावीस वर्षांनी त्याला वारा मिळाला.

आमच्यात ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, एकदा देवळाच्या सगळ्या घंटा वाजतात आणि मग शनिवार रात्रीपर्यंत मुक्या होतात. प्रभू मरणात असताना घंटा वाजवायची नाही. वेदीवरही लाकडी खटखटं वाजवतात. हे मला जन्मापासून ठाऊक. गावात त्या दोन दिवसांत कोणी मोठ्याने हाकही मारत नसे. रेडिओ बंद. सायकलीची घंटी पण कोणी वाजवत नसे.

गुड फ्रायडेला दुपारी तीनची उपासना. सगळा गाव देवळात. होड्या त्या दिवशी जात नाहीत, म्हणून कारखान्यातही फक्त एकच माणूस ठेवत, मशिन चालू राहायला. त्या वर्षी मामाची पाळी. बर्थामामी माझ्या शेजारी, डोक्यावरून काळा पदर. प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन झालं. प्रार्थना झाल्या. मग क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगा लागल्या आणि वेदीपाशी ते लाकडी खटखटं वाजलं. कोरडा, हाडांसारखा आवाज.

मला आठवलं की लहानपणी या दिवसांत मी मामाला डबा द्यायला कारखान्यात जायचे. गुरुवारी संध्याकाळी तो शिडीवर चढायचा आणि गोणपाटाचा बोळा घंटेच्या वाटीत कोंबायचा, हातोडीपुढे. शिडी मी धरायचे. शनिवारी रात्री परत काढायचा. त्याच्या आधीचा मशिनवालाही असंच करायचा. कारखान्याची घंटा असली म्हणून काय झालं, ती पण घंटाच.

तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. तेव्हा मामा आत बाकावर बसायचा, काट्यासमोर. घंटा असली काय, नसली काय.

मी उठले. मनगटावरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते. पौर्णिमा होती. गुड फ्रायडे पौर्णिमेच्या आसपासच येतो, आणि त्या वर्षी तर नेमका पौर्णिमेलाच आला होता. दुपारी साडेबाराला भरती, म्हणजे साडेचारला खाडी निम्म्याहून खाली. पाइपाचं तोंड उघडं पडायला लागलं असणार.

“कुठं निघालीस?” मामीने माझा हात धरला. “क्रूस राहिला.”

“मामाकडे.”

“आता? अगो, फादर बघतायत.”

फादरच काय, सगळेच बघत होते. रांग मोडून, लोकांच्या पायांवरून मी बाहेर आले आणि धावत सुटले. गुड फ्रायडेला आमच्या गावात धावणारी बाई मी आधी कधी बघितली नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरांची दारं लोटलेली. खाडीच्या चिखलाचा वास येत होता, म्हणजे पाणी गेलं होतं. कोळीवाडा संपल्यावर कॉम्प्रेसर ऐकू आला. रोजचा आवाज मला ऐकू येत नसे, पण हा आला. जड, ओझं उचलल्यासारखा, मधेच अडखळणारा.

फाटकातून आत शिरले. भिंतीवर घंटा. हातोडी थडथडत होती, जिवाच्या आकांताने थडथडत होती, आणि आवाज नव्हता. गोणपाटाचे धागे तेवढे उडत होते.

मामा भेंडीखाली बाकावर, कारखान्याकडे पाठ, तोंड खाडीकडे, हातात रोजरी. तो पुटपुटत होता. मला बघून त्याने मणी बोटात धरून ठेवला.

“सुटलं देऊळ इतक्यात?”

“मामा, घंटा!”

“बाय, आज घंटा नाय वाजवत,” तो म्हणाला. मी विसरले असेन म्हणून सांगावं, तसा.

मी भिंतीकडे बोट केलं. त्याने वळून हातोडीकडे बघितलं, मग खाडीकडे, मग माझ्याकडे. रोजरी त्याने गळ्यात घातली. दारातल्या पिंपात टॉवेल बुचकळला, तोंडाला गुंडाळला.

“तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. खाडीकडं. पळ.”

“पेटीवरचं बटण...”

“पेटी गेली खड्ड्यात.”

उघड्या दारातून मला पेटी दिसत होती. लाल दिवा एका लयीत लुकलुकत होता. तिच्या हिशेबाने सगळं ठीक चाललं होतं. पाणी गेलं, घंटा वाजवली, आता माणूस येईल. ती वाट बघत होती. मी तिला तेवढंच शिकवलं होतं.

मामा आत गेला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. मोटर थांबली. त्या शांततेत वरच्या सांध्याची गॅस्केट, गळती अडवणारी चकती, फुटली. फार मोठा आवाज झाला नाही, कोणी चादर फाडावी तेवढाच. मग दारातून पांढरं बाहेर आलं.

मामा स्वतःच्या पायांनी बाहेर आला, भिंतीला हात लावत. टॉवेल नाकातोंडावर होता. डोळ्यांवर नव्हता, डोळे त्याला स्विच शोधायला उघडे ठेवावे लागले होते. मी त्याला पिंपापाशी बसवून डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. पिंप संपलं तेव्हा विहिरीचं ओढलं. देऊळ सुटून माणसं येईपर्यंत ओतत होते. तो एकदाच बोलला, “डोळं उघडलंत का माझं?” ते उघडेच होते.

मुंबईच्या इस्पितळात त्याला पाच आठवडे ठेवलं. उजव्या डोळ्याने उजेड आणि अंधार कळायचा. डाव्याने तेवढंही नाही.

हरिभाऊ रोज इस्पितळात यायचे आणि खाली मान घालून बसायचे. तपासाला आलेल्या साहेबांपुढे मात्र त्यांनी सांगितलं की घंटा मामानेच बांधली होती. खोटं नव्हतं. तपासानंतरच्या सोमवारी गाळ्यात दिनानाथसरांनी माझा तक्ता टेबलावर पसरला. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता.

“इनेझ, तुझ्या पद्धतीने वाचवलं आपल्याला. हे बघ, गृहीत चार. माणूस पोचतो. खाली त्याचीच सही आहे. आपली काही जबाबदारी नाही.”

“माझीपण सही आहे, सर.”

“तू त्याच्या शब्दावर केलीस. तेच तर म्हणतोय.”

हे ऐकून मला जी भीती वाटली ती कारखान्याच्या दारातही वाटली नव्हती. चौऱ्याऐंशी चौकोन मी मामाला सांभाळायला काढले होते. त्यांचा आता त्याच्याविरुद्ध पुरावा होत होता.

तो कागद घेऊन मी इस्पितळात गेले. मामाच्या डोळ्यांवर पट्ट्या. मी त्याला सगळं सांगितलं: रेघ कुठे मारली, आधी काय लिहिलं होतं, ते का खोडलं, सर काय म्हणाले.

“तू इचारलंस, माणूस येतो काय. मी बोललो, येतो. खरंच बोललो,” तो म्हणाला. “घंटा कदी मुकी असते, ते तू नाय इचारलंस. मी नाय सांगितलं. तुला म्हायत होतं, मला म्हायत होतं. म्हायत असलेलं कोन कोनाला सांगतं?”

“मी शिडी धरायचे, मामा.”

“तेच तर.” मग त्याने विचारलं, “अजून कुटं दिल्यात असल्या पेट्या?”

“बर्फवाल्यांना? अर्नाळ्याला एक. गेल्या दिवाळीत.”

“तिकडं चौकोन भरताना कोन बसला होता तुझ्यासमोर?”

कोणी नव्हतं बसलं. हरिभाऊंची पेटी बसायच्या आधीच तक्ता तयार होता आणि मशिन त्याच जातीचं, म्हणून तोच तक्ता, तीच चिप. खालची गृहीतंसुद्धा मी तशीच उतरवून काढली होती. सही तिथल्या मालकाच्या मुलाने गाळ्यातच येऊन केली होती.

आता मी नवी चिप केली. त्या चौकोनात कॉम्प्रेसर बंद लिहिलं, सिद्धता परत मांडली. नायगावला हरिभाऊंनी ती लावून घेतली आणि जुनी कळही परत बसवली. अर्नाळ्याला मी दुसऱ्याच दिवशी निघणार होते. मामा तोवर घरी आला होता. म्हणाला, “थांब. सोमवारी आवस हाय. आवसेला जाऊ, ओहोटीच्या येला. मी पन येतो.”

“तू कशाला? एस.टी.त धक्के बसतात.”

“तू कागद बघशील. मी मशिन ऐकीन.”

वीस मेला, दुपारी चारच्या सुमारास आम्ही अर्नाळ्याला उतरलो. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील टांगलेले, समुद्र दूर गेलेला. मामाचा हात माझ्या खांद्यावर. मशिनवर आग्नेल नावाचा तिशीचा माणूस होता, हसरा. नायगावची बातमी त्याला माहीत होती. मामाला बघून तो उठून उभा राहिला आणि त्याला खुर्ची दिली.

“आमच्याकडे तसलं काही नाय, ताई,” तो मला म्हणाला. “ती बघा घंटा. चकाचक. गुड फ्रायडेला पन चालू होती, कोनाला पन इचारा. चा सांगू?”

घंटा खरंच चकचकीत होती. मी पिशवीतून नवी चिप आणि पेचकस काढला. मनात म्हटलं, दहा मिनिटांचं काम. मामा चहा नको म्हणाला. “पेटी कुटं हाय? हात लाव माझा.”

मी त्याची खुर्ची पेटीपाशी सरकवली आणि त्याचा हात पेटीवर ठेवला. त्याची बोटं दिव्यांवरून गेली, पट्टीवरून गेली, बटणावर आली आणि थांबली. मग तिथेच घुटमळायला लागली.

“दोरा कसला हा?”

मी वाकून बघितलं. जाळं विणायचा नायलॉनचा दोरा. पेटीभोवती तीन वेढे, बटण आतमधे घट्ट आवळलेलं, गाठ कोळ्याची.

आग्नेल जरा ओशाळला. “ती हो, ओहोटीला लय बोंबलते. सारखं उठून बटण दाबायचं. आता बघा, एकदा ठण करते आनि गप बसते. मीच युगत काढली.”

“कधीपासून?”

“नाताळपासून असंल.”

माझ्या हातातली चिप हातातच राहिली. ती लावूनही काही होणार नव्हतं. बटण दाबलेलं असेल तर त्या पेटीच्या लेखी मशिनपाशी माणूस आला आहे आणि त्याने चावी फिरवली आहे. नाताळपासून पाच महिने, चोवीस तास, तिथे दोऱ्याचा माणूस उभा होता. माझ्या नव्या सिद्धतेतही तो बसत होता, काही न मोडता.

“आनि पान्याची चावी कोन फिरवतो, घंटा गप झाल्यावर?” मामाने विचारलं.

“ज्याच्या ध्यानात येईल तो. मी फिरवतो, नायतर...” आग्नेलने मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

मामाने मान एका बाजूला कलवली. तो आमचं ऐकत नव्हता. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि मला त्यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

“इनेझ,” तो म्हणाला, “नळ्यांवर पानी वाजत नाय.”

आग्नेलच्या तोंडचं हसू गेलं. “आत्ता तर होतं...”

“मेन स्विच कुटं हाय?”

“त्या... त्या खांबामागे.”

मामा उठायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, आग्नेलला ओरडून सांगितलं की यांना बाहेर ने, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि खांबामागे गेले. डोळे मिटावेत असं फार वाटत होतं. दांडा दोन्ही हातांनी ओढला. मोटर घरघरत थांबली आणि मी बाहेर धावले. आम्ही तिघं बोंबलांच्या बांबूंपाशी उभे राहिलो, दाराकडे बघत. मामाही तिकडेच तोंड करून होता. मी मनात आकडे मोजत होते. शंभरापर्यंत मोजले, मग परत शंभर. काही फुटलं नाही.

“लाद्या कच्च्या राहतील,” आग्नेल हळूच म्हणाला. “मालक मला फाडून खाईल.”

“खाऊ दे,” मामा म्हणाला. “बस हितं. सकाळी कामावर आलास की पयलं काय करतोस, ते सांग. काय वगळू नको. बिडी कुटं पेटवतोस, ते पन.”

आग्नेल वाळूत बसला आणि सांगू लागला. मी जुना तक्ता उलटा केला, मागची कोरी बाजू गुडघ्यावर धरली आणि रेघा आखायला घेतल्या.